वकिलाने लपवलेली चप्पल

रविवार, ७ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं नीट पोचलात हे तू आईला फोनवर सांगितलंस आणि आईने मला. फोन माझ्या हातात येईपर्यंत तू ठेवला होतास, म्हणून हे पत्र. तसंही फोनवर मला नुसतं भांडता येतं. तू इथे होतीस त्या आठ दिवसांत तुला एक गोष्ट सांगायची होती, ती काही केल्या तोंडातून निघाली नाही. बघू, इथे निघते का.

सहलीच्या दगदगीने दुखावलेला आईचा खुबा आता बरा आहे. काठी टेकत गॅलरीपर्यंत जाते, खुर्चीत बसते आणि सुरू करते, "धाकटी होती तेव्हा घर कसं भरलेलं वाटत होतं!" मी तिथेच तिची कवळी घासत उभी असते. कारखान्यात दिवसभर परक्यांच्या कवळ्या, घरी आल्यावर हिची. तीही मीच बनवलेली. म्हणजे तुझं कौतुक करायला तिला दातसुद्धा मीच पुरवायचे!

आणि तुझा वकील. काळ्या अंगावर गळ्याशी पांढरा पट्टा बघून नाव तू ठेवलंस, कुत्र्याचं पिल्लू घरी तू आणलंस, चार महिने गल्लीभर मिरवलंस आणि लग्न करून निघून गेलीस. याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं त्याचे कान मी पुसतेय, गोचिड्या मी काढतेय. तरी तुझा आवाज जिन्यात आला की साहेब मला ओलांडून धावतात. ओलांडून म्हणजे अक्षरशः, परवा माझ्या मांडीवर पाय देऊन गेला.

आता त्या तलावावरच्या सहलीबद्दल. तुम्ही दोघं ती सगळ्यांना हसत हसत सांगत असाल. माझ्याकडूनही एकदा ऐक.

उतरल्या उतरल्या वकिलाने शेजारच्या चटईवरच्या बाईंचा लोण्याचा डबा चाटून साफ केला. माफी कोणी मागितली? मी. मग पाण्यात उडी मारून आला आणि जावईबापूंच्या पांढऱ्या पँटवर अंग झटकलं. रुमाल घेऊन कोण धावलं? मी. तू पोट धरून हसत होतीस, आई हसत होती, जावईबापूसुद्धा, "अहो ताई, राहू द्या हो." मी ओरडले तर आई मलाच म्हणाली, "तुझी मेलीची सदा कटकट! ती चार दिवस आलीय, हसू दे की." आणि तो नालायक तुझ्या पावलावर हनुवटी ठेवून डोळे मिटून पडला. माझ्या पावलावर त्याने कधी हनुवटी ठेवलेली नाही. मी मुद्दाम पाय पुढे करून पाहिला. हसू नकोस.

तुमचं सामान बरोबरच होतं, तिथूनच चारची बस पकडायची होती. साडेतीनला तू बॅगेची चेन ओढलीस आणि तुझी डावी चप्पल गायब! तू निघालीस की तो दर वेळी हेच करतो. तासभर सगळा तलावकाठ पालथा घातला. होडीवाला झाडू सोडून शोधायला आला, लोण्यावाल्या बाईही आल्या. बस गेली.

ती चप्पल कुठे आहे हे मला माहीत होतं.

होडीवाल्याच्या खोपटामागे एक उलटी होडी आहे ना, तिच्याखाली वकिलाने ती पुरली. माझ्या डोळ्यांदेखत. पुरून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघंही मुकाट्याने परत आलो. नंतर तू तापलेल्या खडीवर एका पायाने लंगडत होतीस तेव्हा मी मूग गिळून बसले. तू अजून एक दिवस राहावीस म्हणून नाही, तसं लिहिलं तर खोटं होईल. तुझे पाय पोळावेत असं वाटलं. तुझ्यासाठी चप्पल पळवणारं कोणीतरी आहे याने माझा नुसता जळफळाट झाला. नऊ वर्षांत माझी एकही चप्पल त्याने कधी लपवली नाही. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझी नवी तपकिरी चप्पल घालून गेलीस. मी बाथरूममध्ये होते, आईने काढून दिली. मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "अगं, ताईला लागेल." आणि आई म्हणाली, "घेऊन जा गं. तिला कुठे जायचंय?"

मला जायचंय.

सांगायचं होतं ते हेच. दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यात नव्या मुलींना कवळीचं काम शिकवायला त्यांनी मला बोलावलंय. एक वर्ष. एक मेपासून. त्यांचं पत्र महिन्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती तपकिरी चप्पल मी त्यासाठीच घेतली होती. आईला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "मग आईचं काय?" आणि तेवढ्यावर मी जाणं रद्द केलं असतं. स्वतःला मी चांगली ओळखते.

आज सकाळी माळ्यावरून बॅग काढली. नुसती पुसून पलंगावर ठेवली. दुपारी दूध आणायला निघाले तर माझी जुनी चप्पल एकच. दुसरी कुठेच नाही. वकील दाराशी बसला होता, नाकाला कुंडीतली माती, आणि बघत होता छताकडे. मी तिथेच जमिनीवर बसून रडले गं. इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत होते. तो जाणाऱ्या माणसाची चप्पल लपवतो, आणि मी कधी कुठे गेलेच नव्हते. एवढं साधं मला कळलं नाही.

पण मी जाणार आहे. पंचवीस तारखेच्या आत ये आणि वर्षभर आईकडे बघ. इथे राहा नाहीतर तिला तिकडे ने, तुम्ही दोघं ठरवा. वकील तिच्याबरोबर राहील. त्याचे कान दर रविवारी पुसायचे, डावा आधी, नाहीतर चावतो.

येताना माझी चप्पल घालून ये. मला ती घालून जायचंय.

एका चपलेवर बसलेली,
तुझी ताई