आबांच्या पेटीचा पंचम

२ जानेवारी
पंचम! पंचम! पंचम! सहा पोरी, सहा ट्रम्पेट, आणि प्राचीचा पंचम रोज वरच. आबांच्या हार्मोनियमवर मी सूर धरून ठेवते. आधी गा, मग फुंका. बाकीच्या पाच जणी ओठ सैल सोडून खाली येतात. ही नाही! म्हणते, "बाई, पेटीच उतरेल हाय." उतरलीय म्हणे, माझ्या वडिलांची, आबांची पेटी! जिच्यावर अमडापूरची अख्खी बँडपार्टी तयार झाली!

५ जानेवारी
मुख्याध्यापक उत्तमराव सर पुन्हा सुरू. "मंजुश्रीबाई, काऊन जीव काढून राह्यल्या? सव्वीस जानेवारीले राष्ट्रगीत स्पीकरवर लावून देऊ. पोरीईनं गाल फुगवून उभं राहनं बरं दिसते का?"

आबाही हेच म्हणायचे. त्यांच्या बँडमध्ये मला एक दिवस उभं केलं नाही. मी त्यांचंच ट्रम्पेट घेऊन गोठ्यात शिकले, चोरून.

सरांना सांगून टाकलं — वीस तारखेला ऐका. एक जरी बेसूर निघाली तर खुशाल स्पीकर लावा, मी शाळेत पाय ठेवणार नाही!

९ जानेवारी
काय ही थंडी! पितळ गार पडलं की सूर उतरतो. पोरी ट्रम्पेट स्वेटरच्या आत घेऊन बसल्या होत्या. हसू आलं.

१४ जानेवारी
प्राचीला काढलं. ऐन संक्रांतीला. ट्रम्पेट परत घेतलं. रडली नाही. दारात थांबून म्हणाली, "चुकीचं कसं वाजवू, बाई?" उद्धट कार्टी! वाईट वाटतंय, पण माघार नाही.

१७ जानेवारी
पेटीचा भाता फाटला. खामगावहून दुरुस्तीवाले वामनराव आले. भाता शिवला, एकेक सूर दाबून पाहिला. पंचमावर थांबले. पुन्हा दाबला. "हा तं कवाचाच उतरेल हाय, बाई! आत मळ बसला. तुमाले आयकू नाई आलं?"

नाही आलं. आबांची पेटी म्हणून मी ऐकलंच नाही! पाच पोरी मीच बेसूर केल्या. आणि जी खरं वाजवत होती तिला घरी बसवलं — आबांनी मला बसवलं तसं.

१८ जानेवारी
प्राचीच्या घरी गेले. तिच्या आईसमोर म्हटलं, चूक माझी. ट्रम्पेट तिच्या हातात दिलं. तिने फक्त विचारलं, "अन् पेटी?"

२० जानेवारी
पेटी घरीच ठेवली. प्राचीने पंचम धरला. पाच जणींनी तिच्याकडून घेतला — आणि आबांचं ट्रम्पेट घेऊन, रांगेत उभी राहून, मीही! सरांनी स्वतःच स्पीकरची वायर गुंडाळली.