विटांवर उभी केलेली गाडी

बा, गेले चौदा महिने मी एका गाडीत राहते आहे. शहापूरच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, एका बाईनं आपल्या शेताच्या तुकड्यावर गाड्यांचा तळ काढलाय. मुंबईची माणसं आपापल्या राहायच्या गाड्या घेऊन शनिवार-रविवार येतात. गाडीतच पलंग, गॅस, कपाट, सगळं असतं. इथं त्यांना विजेचा पॉइंट, पाण्याचा नळ आणि न्हाणीघर मिळतं. सोमवारी सगळे जातात आणि कोपऱ्यातली त्या बाईंची एक जुनी मिनीबस तेवढी उरते, चाकं काढून विटांवर चढवलेली. तिच्यात मी असते. कल्याणला तीन खोल्यांचं घर असलेली, रिटायर झालेली नर्स, तुझी मुलगी.

इथल्या नर्सिंगच्या वर्गात वर्षभर शिकवायचं काम मिळालं होतं. भाड्यानं खोली बघायला गेले की लोक आधी माझ्या मागे कोण आहे ते बघायचे. "एकट्याच?" मग खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली निघायची. ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, हे किती दारांत सांगायचं? शेवटी वर्गातल्या एका मुलीनं तिच्या मावशीच्या ह्या तळावर आणलं. खोली मिळेपर्यंत चार दिवस राहा म्हणाली. पहिल्या दिवशी मी पायरीवर चपला काढल्या, तर शेजारच्या गाडीतली मुंबईची मुलगी हसून म्हणाली, "काकू, गाडीत कोण चपला काढतं?" माझ्या कानात तू ओरडत होतास.

सात-आठ वर्षांची असेन. मुरबाडच्या रस्त्यावरच्या त्या गॅरेजात तू ट्रकच्या, बसच्या बॉड्या बांधायचास. तुझी भाकरी घेऊन मी यायची. एकदा अर्ध्या झालेल्या बसमध्ये चिखलाच्या पायांनी चढले, तर तू हातातली पकड खाली टाकलीस. "चपला भायेर काढ गो! उद्या मानसं बसनार हायेत हितं." तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या दिवशी मी मार खाल्ल्यासारखी रडले. मग तू मला मांडीवर घेतलंस आणि बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून दाखवलास. टक, टक, टक, आणि मग पत्रा जोडणाऱ्या एका खिळ्यापाशी आवाज बदलला. "हितला रिवेट ढिला हाय. आयकलंस?" मी ऐकलं नव्हतं. तरी हो म्हणाले.

आता ऐकते. दिवसभर तापलेला गाडीचा पत्रा ऊन उतरलं की आकसायला लागतो. आधी पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला एक टक. मग खिडकीपाशी. मग माझ्या उशाच्या वर. कुणीतरी बाहेरून हळूहळू गाडीभोवती फिरतंय, एकेक रिवेट तपासतंय. पत्रा थंड होताना वाजतो, एवढं मला कळतं, बा. तरीही मी चहाचा कप हातात धरून बसून राहते आणि आवाज मागच्या दारापाशी पोहोचला की दार उघडते. बाहेर खाचरं असतात, बांधावर बगळे असतात. दार मी लगेच लावत नाही. थोडा वेळ उघडंच ठेवते.

आये गेल्यावर तू घरी जायचं सोडलंस. गाव दोन किलोमीटरवर, पण तू गॅरेजच्या मागच्या बाजूला, जिच्या मालकानं ती परत नेलीच नाही अशा एका बसमध्ये पथारी टाकलीस. तिथं तू फळ्या मारल्यास, स्टोव्हला कोनाडा केलास, आयेचं लुगडं खिडकीला पडदा म्हणून लावलंस. तीन वर्षं राहिलास. मी यायची तेव्हा तू तब्येतीनं बरा असायचास, हे आज नर्स म्हणून सांगते. जेवायचास, झोपायचास, गॅरेजातली माणसं संध्याकाळी तुझ्या पायरीवर येऊन बसायची. पण मी तेव्हा नर्स म्हणून बघत नव्हते. सासरच्या एका लग्नात कुणीतरी माझ्यादेखत म्हणालं, "हिचा बाप भंगारातल्या गाडीत राहतो," आणि बाकीच्या बायका पानात बघायला लागल्या. मी तेव्हा तीस वर्षांची होते. मला वाटलं, जमीन फाटावी.

मी तुला चार वेळा कल्याणला बोलावलं. तू म्हणालास, "मी हितं बरा हाय गो. तुजी आये बी हितंच हाय." आये कधी त्या गाडीत पाय ठेवून गेली नव्हती. मला तुझी काळजी वाटली, पण त्याहून जास्त लोकांची भीती. पाचव्या वेळी मी तुझ्याकडे आलेच नाही. सरळ गॅरेजच्या शेठकडे गेले. त्याला म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना. जागा हवी आहे म्हणा. माझं नाव घेऊ नका." शेठ भला माणूस होता. बराच वेळ पेन चाळवत बसला. म्हणाला, "पोरी, तीस वर्षं काम केलेला मानूस हाय माजा." मी रडले. मग तो हो म्हणाला.

कल्याणला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तू साडेचार महिने काढलेस. गॅलरीतला गज बोटाच्या पेरानं वाजवत बसायचास, माझा लहानगा तुझ्याबरोबर वाजवायचा. कशाची तक्रार नाही. जेवण मात्र दर आठवड्याला कमी होत गेलं. एका दुपारी मी ड्यूटीवर असताना तू गेलास. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलं होतं. मी असे शेकडो दाखले पाहिले होते. तुझा मला वाचता येईना.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. वर्गाचं काम दोन महिन्यांपूर्वी संपलं. मी परत गेले नाही. मुलगा रोज फोन करतो, मी आज-उद्या म्हणते. परवा सकाळी तळाच्या मालकीणबाई आल्या, पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"ताई, मी खोटं नाय बोलनार. तुमच्या पोराचा फोन आलता. म्हनला, आईला सांगा जागा खाली करा, गाडी इकायची हाय. माजं नाव सांगू नका म्हनला."

मी डाळ निवडायचं ताट खाली ठेवलं.

"त्येला तुमची काळजी हाय," त्या म्हणाल्या. "पन माज्याच्यानं हे व्हायचं नाय. तुमाला रवायचं तर रवा."

काल तो आला. माझ्यासमोर बसून चहा प्यायला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "आई, मालकीणबाईंनी काही सांगितलं का गं? जागेबद्दल?" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याचा राग येत नव्हता. तो खोटं बोलत होता आणि माझ्यावर जीव टाकत होता, एकाच वेळी. आणि मला कळलं की समोरच्याला हे सगळं किती स्वच्छ दिसतं.

बा, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मुरबाडहून कल्याणला येताना आपण जीपमध्ये मागे बसलो होतो. तुझ्या मांडीवर गाठोडं होतं. मी शेठला नावं ठेवत होते, तीस वर्षांची कदर नाही म्हणत होते. किती बोलले मी! तू बाहेर बघत होतास. मग म्हणालास, "शेठला बोल नको लावू. त्येच्या तोंडून आलं, पन बोलनं त्येचं नव्हतं." मला वाटलं, तू नशिबाला म्हणतोयस. तीस-बत्तीस वर्षं मी तसंच समजत आले. शेठनं हाकललं ह्या दुःखानं तू खंगलास, असं धरून मी स्वतःला शिक्षा देत राहिले. काल मुलाच्या लाल कानांकडे बघताना मला तुझा तो चेहरा दिसला. तुला माहीत होतं. जीपमध्ये चढायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तरी गाठोडं बांधून तू माझ्या मागून आलास, कारण मला ते हवं होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी घालून ठेवून देईन. पण एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तू माझ्यासाठी जे केलंस ते मी माझ्या मुलासाठी केलं नाही. काल मी त्याला म्हटलं, "मालकीणबाईंनी सगळं सांगितलंय. मी नाय येणार." तो लहानपणी रडायचा तसा रडला, आणि मी त्याला थांबवलं नाही.