घर गार हाय

कोल्हापूर,
शुक्रवार, १९ जानेवारी २००७

चि. सौ. संघप्रिया हिला धोंडुबाईचा पोटभर आशीर्वाद, आन माझ्या पणतीला दोन्ही गालांचा मुका.

डिंकाचं लाडू संपलं असतील तर कळीव, आणखी वळतो. आम्ही समदी हितं खुशाल हाय. असं लिव्हायची रीत हाय म्हणून लिव्हलं. किती खुशाल ते पुढं कळंलच.

अक्षराला हसू नको. मी तिसरीपतूर शिकलो, तेबी निम्मा वेळ म्हशींच्या मागं. फोन का केला न्हाय म्हणशील, तर फोन बैठकीत हाय आन तुझी सासू तिथनं उठत न्हाय. संग्रामच्या मोबाईलवर बोलावं तर त्यो शेजारी उभा राहून "आजी, हळू बोल, हळू बोल" करतोय. म्हणून कागद घेतला.

फोटू बघिटला. अगं बाई! कपाळ तुझं, नाक आमचं, आन मुठी बघ कशा आवळल्यात, आखाड्यात उतरल्यावानी. मी गल्लीभर दावून आलो. शेजारची म्हणाली, "आजी, पणतू झाला असता तर अंगावर सोन्याची फुलं उधळली असती." मी म्हटलं, "येडे, पणतीला काय बंदी हाय? त्या शब्दातच उजेड हाय. आण फुलं, बसतो पाटावर."

आता गार हवेच्या मशीनचं सांगतो.

तू संग्रामला फोनवर म्हणालीस न्हवं का, "घर गार हाय, बाळाला सोसायचं न्हाय, आत्ता आणत न्हाय." झालं. तुझा नवरा तुझा शब्द धरून पळत सुटला. दिवाळीच्या आधी आपलं मशीन बंद पडलं ते पडलंच हुतं. बोगदेवालं मशीन ते, तुझ्या सासऱ्यानं, सयाजीनं, फौंड्रीच्या तेजीत बसिवल्यालं. एकच मशीन, छतावरनं पत्र्याचा बोगदा, आन खोलीखोलीत जाळी. तवा लोक बघाय यायची, जाळीखाली तोंड वर करून हुबी ऱ्हायची, देवळात घंटेखाली ऱ्हात्यात तशी.

संग्राम म्हणाला, "आता असलं घ्यायचं की उन्हाळ्यात गार आन थंडीत गरम. रिव्हर्स सायकल." मी म्हटलं, "उलटी सायकल कशाला रं? सुलटी चालवताना तुझा आज्जा दोनदा पंचगंगेच्या घाटावरनं गडगडला." घर हसलं. मीबी हसलो. बऱ्याच दिसांनी हसली समदी, म्हणून सांगतो.

मग शाहूपुरीतल्या दुकानातनं मशीन बसवणारा एक इंजेर आला. पुण्याचा. त्याला मी म्हटलं, "पावणं, बसा, मी पाणी घेऊन आलो." त्यो इकडंतिकडं बघाय लागला, कोण आलो म्हणून. संग्राम म्हणाला, "आमच्याकडं बायका बी आलो-गेलोच म्हणतात." पण पोरगं चांगलं. मला नीट समजावून दिलं. म्हणालं, "आजी, थंडीतसुद्धा बाहेरच्या हवेत थोडी ऊब असतेच. हे मशीन ती गोळा करून आत आणतं." मला पटंना. गारठ्यात ऊब कुठली? पण ऐकून ठेवलं.

दोन वाटा हुत्या. एक, जुना बोगदा ठेवून नवं मशीन. दुसरी, बोगदा काढायचा, जाळ्या बुजवायच्या, आन ज्याच्या त्याच्या खोलीत ज्याचा त्याचा डबा. संग्रामला बोगदा पाहिजे, म्हंजे बाळ रांगत कुठंबी गेलं तरी ऊब. सयाजीचं काय ठरंना.

इंजेर बोगदा तपासाय वर गेला. तुझ्या खोलीत. खाली बैठकीत सयाजी तुझ्या सासूला म्हणाला, त्याच्या नेहमीच्याच आवाजात, "पुण्याचं पोरगं लुटाय आलंय आपल्याला. बोगद्यात उंदीर हाईत म्हणंल बघ आता."

आन छतातनं आवाज आला, "नाही हो काका, उंदीर नाहीत. बोगदा चांगला आहे."

पोरी, काय हसलो आम्ही! संग्राम तर सोफ्यावर लोळला. सयाजी बी हसला. आन हसता हसता थांबला.

इंजेर खाली आला तसं इचारलं त्यानं, "वरच्या खोलीत ऐकू येतंय?"

"मशीन चालू असलं की पंख्याच्या आवाजात नाही कळत. बंद असलं की सगळं येतं. शेजारी बसून बोलल्यासारखं."

सयाजीनं संग्रामकडं बघिटलं. "आपलं कवा बंद पडलं रं?"

"दिवाळीच्या आधी. संघप्रिया कुरुंदवाडला गेली त्याच्या आदल्या दिवशी."

तुझी सासू चहा ओतत हुती. कप भरून बशीत आला, बशीतनं ट्रेमधी आला, तरी ओतायलीया.

पहिलं बाळंतपण म्हायेरी हुतं, म्हणून तू गेलीस, असं समद्यांनी धरलं हुतं. पण जायाचं दिवाळीनंतर ठरल्यालं. तू आधीच पिशवी भरलीस. कुणी इचारलं न्हाय. रीतीनं झाकलं समदं.

सयाजी एकदम उठला. "बोगदा काढून टाका," म्हणाला. "जाळ्या बुजवा. ज्याचं त्याला वेगळं."

आता मला तुला एक सांगायचं हाय, आन ते सांगाय मी एवढा लांबनं वळसा घालून आलोय.

मशीन बंद पडलं त्या दिवशी मी तुझ्या डोक्याला तेल लावत हुतो. तू खाली बसल्याली, मी पलंगावर. जाळीतनं आवाज आला. तू मान वळवून माझ्याकडं बघिटलंस. मी बोटं थांबवली न्हाईत. तू म्हणालीस, "आजी, तेल पुरे." तुला वाटलं असंल, म्हातारी अर्धी भैरी हाय, बरं झालं.

मी भैरी न्हाय, पोरी. तुझ्या सासूच्या कटकटीपायी मी कान बंद केल्यात, ते समद्यांनी खरं धरलं, आन मलाबी सोयीचं झालं. मला समदं ऐकू आलं. तुझ्यासंगट.

म्हणून मी सयाजीला आडवा गेलो. म्हटलं, "बोगदा ऱ्हाऊ दे. वर जा तिच्या खोलीत. पलंगाजवळ खाली बस."

"कशाला आई?"

"जा म्हणतो न्हवं."

गेला. का गेला कुणास ठाऊक. ल्हानपणी विहिरीवरनं हाक मारली की यायचा, तसा गेला. मी तुझ्या सासूला म्हटलं, "त्या दिवशी त्यो काय म्हणाला ते म्हण आता. हितं बसून. साध्या आवाजात." तिनं नकाराची मान हलीवली. डोळ्यांत पाणी आणलं. संग्राम म्हणायला लागला, "काय म्हणाले बाबा? आई, काय म्हणाले?" त्याला खरंच म्हाईत न्हवतं. तू सांगिटलंच न्हाईस त्याला. इंजेर बिचारा टेप घेऊन भिंतीला चिकटला.

मग मीच म्हटलं. जाळीखाली बसून, चहाचं बोलावं तसं. "नाव आपणच ठेवायचं. त्यांच्यातलं नाव नको. उद्या शाळंत कुणी इचाराय नको, पोराची आई कुणातली."



संग्राम उठून अंगणात गेला. चप्पल न घालता. तुझी सासू पुटपुटली, "तसं न्हवतं त्यास्नी म्हणायचं." मी म्हटलं, "कसं म्हणायचं हुतं ते नगं सांगू. वर कसं ऐकू गेलं ते इचार त्याला."

लय येळानं सयाजी खाली आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसला, बुटावर नजर. फौंड्रीत पन्नास माणसांवर वरडणारा माणूस. मग इंजेराला म्हणाला, "पावणं, बोगदा हाय तसा ऱ्हाऊ दे. मशीन तेवढं नवं बसवा. ते उलट्या सायकलीचं."

तुझी सासू म्हणाली, "आन आता घरात बोलायचं तरी कसं मग?"

"वर ऐकू गेलं तर चालंल असं," मी म्हटलं.

काल मशीन बसलं. मी तुझ्या खोलीत जाऊन बसून आलो. ऊब येतीया, खरंच येतीया. पलंगावर डुलकी लागली माझी. पण मशीन बसलं म्हणून तू यावंस, असं हे पत्र न्हाय. तुझं घर कशानं गार पडलंय ते संग्रामला उशिरा कळलं. कळल्यापास्नं त्यो बापाशी बोलत न्हाय. त्यानं तुला फोन केला असंल, आन त्याला नीट बोलाय आलं नसंल. सांभाळून घे, न्हायतर नको घेऊ. तुझं तू बघ.

रविवारी सयाजी कुरुंदवाडला येतोय. त्यानं रोज बैठकीत बसून तोंड उघडलंय आन मिटलंय. मला म्हणाला, "आई, काय म्हणू तिला?" मी म्हटलं, "मला नगं इचारू. आधी वर कसं ऐकू जाईल त्याचा इचार कर, मग म्हण."

तुला एकच सांगणं. त्यो अडखळंल. तुझा सोभाव मवाळ, तू मदतीला धावशील, "असू दे मामा" म्हणशील. म्हणू नको. त्याचं त्याला पुरं करू दे. बाळाचं नाव त्यो इचारतोय का बघ. तू ठेवल्यालं नाव, तुझ्या तोंडनं, तुझ्या आई-बाबांच्या देखत. इचारलं तर सांग. न्हाय इचारलं तर चहा पाजून माघारी लावून दे. गाडीत मी त्याच्या शेजारी हाय, वाटंत मी बघतो त्याच्याकडं.

आन माझ्यावर राग असंल तर तोबी रविवारी काढ. मी बोटं थांबवाय पाहिजे हुती.

तुझ्या आई-बाबास्नी माझा जय भीम सांग. आजवर मी नमस्कार धाडत हुतो आन ते मला जय भीम धाडत हुते, आन मी आपलं ऐकू न आल्यागत करत हुतो. कसं लिव्हायचं, जोडून का तोडून, म्हाईत न्हाय. चुकलं असंल तर सुधरून वाच.

खोलीत ऊब झाली की मशीन बंद करायचं, असं मी सांगून ठेवलंय. माझी पणती तुझ्या खोलीत रडली, तर खाली समद्यांस्नी ऐकू याय पाहिजे.

तुझी,
ऐकू येणारी आजी,
धोंडुबाई