घरचा काटा

२ फेब्रुवारी
नवी वही. नियम एकच: यात फक्त खरं लिहायचं. माणसं स्वतःशी खोटं बोलतात, म्हणून त्यांची ही अवस्था.

मेव्हण्याला कॅन्सर निघाला. आतड्याचा. सौ.चा हा धाकटा भाऊ, बँकेत कॅशियर. सहा महिने गॅसेस आहेत, गॅसेस आहेत म्हणत सोडा पीत बसला. वजन उतरतंय, पोट धड नाही, आणि हा गृहस्थ ढेकराची वाट बघतोय. काट्याचा नायटा केला. मी तोंडावर सांगितलं, शरीर हा काटा आहे. काटा सांगतो, आपण वाचायचं असतं. तो म्हणाला, हो दाजी.

हो दाजी म्हणणारी माणसं कधी काही वाचत नाहीत.

त्याला केमोला न्यायचं-आणायचं काम मी घेतलं आहे. घरात दुसऱ्या कुणाला यातलं ओ की ठो कळत नाही.

५ फेब्रुवारी
हॉस्पिटल. वेटिंग हॉल म्हणजे अज्ञानाचा घाऊक बाजार.

शेजारी एक मावशी. नवरा गळ्याला मफलर गुंडाळून गप्प. एका खुर्चीवर ती, एकावर नवरा, तिसरीवर तिची पिशवी. पिशवीला कोणता आजार होता ठाऊक नाही. मी उभा. ती समोरच्या बाईला विचारत होती, ऑपरेशनात उघडलं आणि हवा लागली की पसरतो म्हणे? मला राहवलं नाही. म्हणालो, बाई, कॅन्सर म्हणजे काय चिरलेलं सफरचंद आहे, हवा लागून काळं पडायला? सगळा हॉल हसला. मावशी पिशवीचे बंद चाळवत राहिली.

मग इतर सुरू. तुकडा काढला की चवताळतो का. ताटवाटी वेगळी ठेवायची का. साखर बंद केली की उपाशी मरतो का. नाही, नाही आणि नाही. सगळ्यांना वाटेला लावलं. मी आठवी, पण जे शिकलो ते खोलून शिकलो. वजनकाटे दुरुस्त करायला मला कुणी गुरू नव्हता. ही शिकलेली मंडळी माझ्या पासंगालाही पुरणार नाहीत.

सिस्टर दर खेपेला मेव्हण्याचं वजन करते. त्यावर औषधाचं माप ठरतं. त्यांचा काटा लेव्हलमध्ये नाही, लेव्हल दाखवणारा काचेतला बुडबुडा एका बाजूला पळालेला. सांगितलं. ती म्हणाली, पुढचे कोण?

९ फेब्रुवारी
घरचा काटा बिघडला. हा दुकानातला जुना प्लॅटफॉर्म काटा, मी स्वतः उभा केलेला. पॅसेजमध्ये असतो. मला एकोणसत्तर दाखवतो! मी बहात्तर. लग्नाचा सूट शिवला तेव्हा बहात्तर, आजही बहात्तर. आतला भार मोजणारा सेल थकला असणार.

१० फेब्रुवारी
काटा कॅलिब्रेट केला. पद्धत सोपी: ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे ते वर ठेवायचं, आकडा भरायचा, पुढे काटा त्या हिशेबाने चालतो. दुकानातून सरकारी शिक्क्याचं वजन जिना चढवून कोण आणणार? माझं वजन मला पक्कं ठाऊक आहे. स्वतः उभा राहिलो, बहात्तर भरलं. आता बिनचूक.

संध्याकाळी सौ. उभी राहिली. साडेसाठ. एरवी अठ्ठावन्न असते. अहो, अडीच किलो कुठून आले, म्हणाली. म्हटलं, मला काय विचारतेस? काट्याला भाऊबंद नसतात.

११ फेब्रुवारी
सौ.ने चहातली साखर सोडली. उशिरा सुचलेलं शहाणपण.

सकाळी शौचाला जरा लाल. बीट.

१४ फेब्रुवारी
पुन्हा लाल. सहज विचारलं तर सौ. म्हणते, घरात बीट आणून महिना झाला. मग टोमॅटो. बाजारातून काय आणलं हे हिच्या कधी लक्षात राहिलंय?

उद्यापासून सकाळी फिरायला जाणे. पोट साफ राहतं.

१५ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. दमल्यासारखं वाटलं. मेव्हण्यापायी धावपळ होते.

१९ फेब्रुवारी
हॉस्पिटल. मावशी म्हणाली, आमच्या ह्यांना काही दुखतच नव्हतं हो, आवाज तेवढा बसला होता; दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला जायचं? हा प्रश्न ऐकून कान किटले. उभ्या उभ्या सगळ्यांना एकदाच समजावलं: सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. रक्त दिसलं, कारणाशिवाय वजन उतरलं, शौचाची सवय बदलली, आवाज बसला तो उठेचना, तर दुखो न दुखो, दाखवून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं, पण ते डॉक्टरने सांगायचं, शेजाऱ्याने नाही. लोक माना डोलावत होते. माझ्या बोलण्याला वजन आहे.

मेव्हण्याचं वजन झाल्यावर गंमत म्हणून मीही त्यांच्या काट्यावर उभा राहिलो. सदुसष्ट! पायात बूट, खिशात किल्ल्या आणि पक्कड, तरी सदुसष्ट. सिस्टरला म्हणालो, तुमचा काटा पाच किलो खातो. ती म्हणाली, काका, तुम्हीच बारीक झालाय.

बारीक! आणि ही औषधं मोजणार.

२३ फेब्रुवारी
दुकानात एक भाजीवाला आला. आवाज बारीक करून म्हणतो, शेठ, किलोमागे शंभर ग्रॅमची सोय होते का? सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाकलला. समोरचे दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मी ठणकावलं, काटा मारणाऱ्याच्या सावलीलाही मी उभा राहत नाही. ज्याला स्वतःचा आकडा सोसत नाही तो माणूस कसला.

हे वाक्य चांगलं जमलं. बोर्डावर लिहून घेणे.

२६ फेब्रुवारी
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं म्हातारं झालं की सैल पडतं. दाभणाने पाडलं, पण कारखान्यातलं वाटतं.

आज लाल. काल दिवसभर फक्त ब्रेड आणि दूध. म्हणजे मूळव्याध. ती मोठमोठ्यांना असते.

५ मार्च
हॉस्पिटल. सिस्टर जागेवर नव्हती. म्हटलं, ह्यांच्या काट्याचं भलं करून टाकू. स्क्रू-ड्रायव्हर खिशात असतोच. मागचा एक स्क्रू सोडवला असेल नसेल, मेव्हण्याने येऊन मनगट धरलं. म्हणाला, दाजी, याच्यावर माझं औषध मोजतात. हात लावायचा नाही. एवढ्या जोरात तो जन्मात बोलला नव्हता. केमोने माणूस चिडचिडा होतो. माफ केलं. स्क्रू परत बसवला.

येताना टॅक्सीत विचारतो, दाजी, तुमचं पोट बरं आहे ना? आज हॉलमधून चार वेळा उठून गेलात. म्हणालो, गॅसेस.

पेशंटला दुसऱ्या कुणाला काही होतंय म्हटलं की बरं वाटतं, असा स्वभाव असतो.

१२ मार्च
घरचा काटा पुन्हा उतरला. अडुसष्टच्या आसपास. हल्लीच्या सेलना दम नाही. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा बहात्तर भरलं. आता पाच वर्षं बघायला नको.

सौ.: साडेबासष्ट. रात्रीचं जेवण सोडून तिला तीन आठवडे झाले. काट्यावरून उतरली आणि पॅसेजमध्येच खाली बसली. म्हणाली, अहो, मी खात नाही, तरी वाढते. मला आतून काही झालं असेल का हो? समजूत घातली, की चोरून खाणाऱ्यांचंच असं होतं. ती रडायला लागली. रडण्यातून पाणी जातं, पण काट्यावर दिसण्याइतकं नसतं, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं नाही.

१८ मार्च
दुकान दुपारी बंद केलं. वीस किलोचं वजन टेबलावर घेता येईना. तेल सांडलं असेल, हात सटकत होता.

२२ मार्च
सौ. मेडिकलच्या दुकानातून आली ती पॅसेजमध्ये उभी. म्हणाली, तिथल्या काट्यावर मी सत्तावन्न. घरात आले की साडेबासष्ट. वाटेत साडेपाच किलो काय खाल्लं मी? मी समजावलं: औषधवाले कमीच दाखवतात, माणूस हबकून टॉनिक घेतो. ती म्हणाली, आणि तुमचा पट्टा? तोही टॉनिक विकतो का?

उलट उत्तर द्यायची सवय हिला भावाच्या आजारपणापासून लागली आहे.

२५ मार्च
संध्याकाळी सौ. आणि मेव्हणा एकत्र आले. मागून टॅक्सीवाला हाश्शहुश्श करत, हातात माझं वीस किलोचं वजन. शिक्क्याचं. सौ.ने माझ्या शर्टातून दुकानाची किल्ली काढली होती. टॅक्सीवाल्याने वजन पॅसेजमध्ये ठेवलं, म्हणाला, बाई, पुढच्या वेळेला कापूस न्या, आणि गेला.

मेव्हणा भिंतीला टेकला. केस गेलेत, भुवया गेल्यात, दात तेवढे दिसतात. म्हणाला, दाजी, ठेवा काट्यावर. मी म्हणालो, गरज नाही. तो म्हणाला, नसेल. तरी ठेवा. मी म्हणालो, काटा आत्ताच तापलाय. सौ. म्हणाली, अहो, काटा आहे का इस्त्री?

दोघांनी ढकलत ढकलत वर घेतलं. मला हात लावायची इच्छा नव्हती.

बावीस.

लाल आकडे. बावीस. मी पुसून बघितलं.

मेव्हणा, कॅशियरच तो, म्हणाला, दाजी, विसाचे बावीस होतात, तर बहात्तर कशाचे झाले? मी म्हणालो, सेल. सौ. म्हणाली, साडेपासष्टाचे. तोंडी केलं. मला वाटायचं हिला हिशेब जमत नाही.

मग म्हणाली, रक्त कधीपासून पडतंय? मी विचारलं, कोण म्हणतं? ती म्हणाली, अहो, संडास मी धुते.

मी वाकून वजनावरचा शिक्का बघितला. खरा आहे. मीच मारून आणला होता.

मेव्हणा म्हणाला, लोक काटा मारतात तो गिऱ्हाइकाला. तुम्ही म्हणजे, दाजी... पुढे त्याला खोकला आला. तो खोकला नसावा.

सौ.ने सकाळचं उरलेलं सगळं गरम केलं आणि आमच्यासमोर बसून जेवली. दोनदा वाढून घेतलं. मधेमधे डोळे पुसत होती.

२६ मार्च
डॉक्टरकडे आज जाणार होतो. दुकानात काम निघालं.

२७ मार्च
दुकानाला कुलूप. किल्ली सौ.कडे. मेव्हणा टॅक्सी घेऊन दारात. म्हणाला, चला दाजी, आता माझी पाळी, तुम्हाला न्यायची.

३ एप्रिल
कॅमेरा घालून तपासणी. तुकडा काढला. चवताळला वगैरे नाही. निदान जाणवलं नाही. रात्री दोन वेळा पोटाला हात लावून बघितला, बाहेरून.

१० एप्रिल
रिपोर्ट. आहे. मेव्हण्याला तोच. डॉक्टरबाई वयाने माझ्या पक्कडीएवढी. म्हणाली, ऑपरेशन करता येईल, पुढे केमो लागेल की नाही ते नंतर ठरवू. आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण आलात. लक्षणं माहीत नव्हती का? मी बोलायच्या आत मेव्हणा म्हणाला, मॅडम, अख्ख्या हॉलला पाठ करून घेतलीत ह्यांनी.

१६ एप्रिल
हॉस्पिटल. उद्या भरती. सिस्टरने वजनाला बोलावलं. बूट न सांगता काढले. किल्ल्या, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं मेव्हण्याच्या ओंजळीत दिलं. काट्याच्या पायाखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी घातली आहे. बुडबुडा मधोमध.

चौसष्ट.

सिस्टर माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणतो का म्हणून. म्हणालो, बरोबर आहे.

डॉक्टरबाईने चित्र काढून ऑपरेशन समजावलं. मग, काही विचारायचंय? ठरवून गेलो होतो की एकही प्रश्न विचारायचा नाही; आपल्याला सगळं ठाऊक आहे. विचारलं, ताटवाटी वेगळी ठेवायची का? नाही. साखर? नाही काका, जेवा नीट, वजन टिकवा. उठलो. दारातून परत आलो. विचारलं, उघडल्यावर हवा लागली तर पसरत नाही ना? ती म्हणाली, नाही. मेव्हणा खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर नुसती भिंत आहे.

हॉलमध्ये मावशी होती. नवरा आत ट्रीटमेंटला. डॉक्टर पेशंटला धीर द्यायला काहीही सांगतात, तिच्या नवऱ्याचं तर उघडलं होतं, तिला खरं ठाऊक असेल. अगदी हळू विचारलं, हवा लागली की पसरतो का हो?

तिने वर बघितलं. म्हणाली, कॅन्सर म्हणजे काय चिरलेलं सफरचंद आहे?

या वेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तिने तिसऱ्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

बसलो.