त्रेसष्ट खोट्या सह्या आणि बारावे पुस्तक

येत्या मंगळवारी, १२ तारखेला, सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे दुसरी बसवणार आहेत. शंभरातले तीन-चार रुग्ण त्या टेबलावरून उठत नाहीत, असे मी खोदून खोदून विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले. कारखान्यात माझ्या पट्ट्यावर शंभरात तीन डबे सदोष निघाले तर मी अख्खा पट्टा थांबवत असे. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय ६८, विज्ञानाची पदवीधर, औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. अक्षर काही ठिकाणी हलले आहे. ते बुद्धी हलल्याचे लक्षण समजू नये. भीतीचे समजावे.

कलम १. या दुमजली घराचा तळमजला माझ्या यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलाकडे जावा. वरचा मजला धाकट्या दिरांचा होता. ते वारल्यापासून तो माझ्या जाऊबाईंचा आहे. त्यावर माझा हक्क नाही, कधी सांगितलेलाही नाही. मुलगा जहाजावर इंजिनिअर आहे आणि वर्षातले आठ महिने पाण्यावर असतो. त्याला अटी दोनच. पुढची खोली ३१ डिसेंबरपर्यंत वाचनवर्षासाठी (ते काय, कलम ४ मध्ये) उघडी ठेवावी. आणि मागच्या दाराची कडी आधी उचलून मग सरकवावी. नुसती सरकवली तर ती लागल्यासारखी दिसते, पण लागत नाही. हे मी त्याला चार वेळा तोंडी सांगितले आहे. आता लिहून देते.

कलम २. बँकेतील ठेव मुलाला. नामनिर्देशन झालेले आहे. यावर अधिक शाई घालवत नाही.

कलम ३. वस्तू. शिवणयंत्र शिंप्याला, तो ते गेली सहा वर्षे 'दुरुस्तीला' म्हणून मागतो आहे. पितळी घंटा वाचनवर्षाची, ती पुढच्या खोलीतच राहावी. वजनकाटा समोरच्या व्यायामशाळेच्या मालकाला परत द्यावा. त्यानेच तो मला विकला होता. तो दोन किलो कमी दाखवतो. त्याची गिऱ्हाइके इतकी खूश का असतात, ते मला त्या दिवशी कळले. जानेवारीत हा गृहस्थ माझ्या दारात उभा राहून म्हणाला होता, "काकू, वाचून कधी कुणाचं पोट उतरलंय का?" त्याला उत्तर द्यायचे राहून गेले होते. काटा पोचला की पोचेल.

माझे स्टॉपवॉच कोणाला द्यायचे ते कलम ६ मध्ये आहे. हे लिहिताना मी त्यावर नाडी मोजली. शहाण्णव. अजून अवघड भाग आलेला नाही.

कलम ४. वाचनवर्ष म्हणजे काय, हे पुढे ज्याच्या हाती हा कागद पडेल त्याला कळावे म्हणून लिहिते. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण माझ्या पुढच्या खोलीत जमलो आणि ठरवले की वर्षात बारा पुस्तके वाचायची, सगळी व्यायामाची. चालणे, श्वास, पाठीचा कणा, पोहणे, वजने उचलणे, एका धावणाऱ्या बाईची आत्मकथा, अशी. नुसती वाचायची नाहीत. पुस्तकात आहे ते करायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घंटा वाजवून त्या महिन्याचे मुख्य पान मोठ्याने वाचायचे. मग ते पुस्तक चार-चार दिवस एकेकाच्या घरी. प्रत एकच असल्याने ज्याचे वाचून झाले त्याने ते पुढच्याच्या दारात स्वतः, पायी, नेऊन द्यायचे. वाहन नाही, लिफ्ट नाही, कोणाच्या हाती पाठवणे नाही. घेणाऱ्याने आतल्या चिठ्ठीवर वेळ लिहायची. आणि महिन्यातले एकवीस दिवस तो व्यायाम करून रोज आपल्या कार्डावर सही करायची.

कार्ड कोणी तपासायचे नाही. सही म्हणजे खरे, हा तिसरा नियम. तो मी घातला.

क्रमात मी सहावी आणि जाऊबाई सातवी. म्हणजे माझ्याकडचे पुस्तक मी एकवीस पायऱ्या चढून वर द्यायचे. फेब्रुवारीनंतर ते थांबले. का, ते कलम ६ मध्ये.

बारा पुस्तके कोणी निवडायची यावर डिसेंबरात बराच वेळ गेला. बारावे जाऊबाईंनी सुचवले: आजारातून उठल्यावर करायचे व्यायाम. मी म्हणाले, "इथे आजारी कोण आहे?" सगळे हसले. ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. अजून उघडलेले नाही. डिसेंबरच्या आधी उघडायचे नाही असा नियम आहे, हे कारण मी स्वतःला देते.

कलम ५. ऑगस्टच्या चार तारखेपासून मी एकही व्यायाम केलेला नाही. त्या दिवशी पुढच्या खोलीत फेऱ्या घालताना सातव्या फेरीला भिंत धरून खाली बसले. तोपर्यंतचे तीन दिवस मी तारखेनिशी मोजत नाही, कारण तेही निम्म्यावर सोडले होते. तरी ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तिन्ही महिन्यांच्या माझ्या कार्डावर एकवीस-एकवीस सह्या आहेत. त्रेसष्ट. सगळ्या खोट्या. मुलगा दर रविवारी फोनवर विचारी, "आई, फेऱ्या चालू आहेत ना?" मी म्हणे, "चालू आहेत." पहिल्या तारखेला घंटा वाजवून मी इतरांना कुचराईबद्दल बोलत असे आणि बोलताना दम लागू नये म्हणून वाक्ये छोटी करत असे. मंडळींना वाटले, बाई अधिकच कडक झाल्या.

माझी ती तिन्ही कार्डे रद्द समजावीत. मी स्वतः त्यांवर तांबड्या शाईने काट मारली आहे.

कलम ६. एक मार्चच्या बैठकीत मी जाऊबाईंचे कार्ड सगळ्यांसमोर फाडले. फेब्रुवारीचे पुस्तक दोरीच्या उड्यांचे होते. तिच्या कार्डावर एकवीस सह्या होत्या आणि तिची दोरी, मी डोळ्यांनी पाहिली होती, कागदी पट्टीसकट गच्चीच्या खिळ्याला टांगलेली होती. मी विचारले. ती म्हणाली, "बारा उड्या मारल्या हो ताई, त्या पण बिनदोरीच्या. मग वाटलं, खाली तुमच्या डोक्यावर छत यायचं." सगळे हसले. तिथे विषय संपायला हरकत नव्हती.

मी म्हणाले, "भावोजींच्या औषधाच्या तक्त्यावरही तू अशाच सह्या करत होतीस का?"

ती उठली, चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी जिना चढून गेली. आठ महिने आठ दिवस झाले. आम्ही एका नळाचे पाणी पितो आणि बोलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझे दीर चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. दर चार तासांनी औषध. तक्ता फ्रिजच्या दारावर लावलेला असे आणि प्रत्येक चौकोनात जाऊबाईंची सही. आता मी जे लिहिते ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या चौदा महिन्यांत दर रविवारी, ती अंघोळीला गेली की, मी वर जाऊन बाटल्यांतल्या गोळ्या मोजत असे आणि तक्त्याशी ताडून पाहत असे. कारखान्याची सवय. एकदाही एक गोळी जास्त उरली नाही, एकदाही कमी भरली नाही. म्हणजे ते वाक्य बोलताना ते खोटे असल्याचे त्या खोलीत सर्वांत पक्के मलाच माहीत होते.

ते वाक्य मी मागे घेते. ज्या पाच जणांनी ऐकले त्या पाचही जणांना हे कलम वाचून दाखवावे. जाऊबाईंचे नाव वाचनवर्षाच्या यादीत पूर्ववत करावे. फेब्रुवारीचा महिना मात्र बादच राहील. उड्या तिने मारल्या नव्हत्या. बाराही पुस्तके, घंटेचा मान आणि माझे स्टॉपवॉच तिला द्यावे.

नाडी एकशे आठ. पाच मिनिटे थांबून पुढे लिहिते.

कलम ७. रुग्णालयाच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा आहे: 'रुग्णाच्या नातेवाइकाची संमती व सही'. तो सोमवारी दुपारी चारपर्यंत भरून द्यायचा आहे. नाही तर मंगळवारची वेळ दुसऱ्याला देतील, आणि पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची. डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे थांबू नका. मुलाचे जहाज गुरुवारी बंदरात लागते. खिडकीमागच्या मुलीने विचारले, "शहरात जवळचं कोणीच नाही?" मी म्हणाले, "कोणी नाही." ती म्हणाली, "आजी, शेजारी नाही चालणार. नातेवाईकच लागतो." फॉर्म घेऊन घरी आले. त्याला आज सहा दिवस झाले. रोज सकाळी जिन्याच्या तळाशी जाते. काल चौथ्या पायरीपर्यंत गेले आणि कठडा धरून बसले. पुढे पाय गेले नाहीत की जीभ गेली नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

हा रकाना रिकामा राहिल्यास आणि त्यामुळे काही झाल्यास डॉक्टरांना किंवा खिडकीमागच्या मुलीला दोष देऊ नये. तो दोष माझा आहे आणि तो मी कोणाच्या नावे करून जात नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. मी तो दोनदा वाचला. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. साक्षीदारांपैकी शिंप्याला शिवणयंत्र मिळणार होते, पण ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी फोनवर सांगितल्याने कलम ३ मधील ते वाक्य रद्द. त्याने तोंड वाकडे केले, पण कबूल केले. यंत्र आजच त्याला हातउसने दिले आहे.

ठिकाण: राहते घर, तळमजला, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे

(सही) मृत्युपत्र करणारी
(सही) साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषध दुकानदार, वाचनवर्षाच्या क्रमात दुसरा
(सही) साक्षीदार दुसरा: शिंपी, क्रमात तिसरा

सुपूर्द केल्याची नोंद

हा भाग मृत्युपत्राचा नाही. त्याच दिवशी, सह्या झाल्यावर लिहिला आहे.

सही करताना शिंप्याची नजर कलम ६ वर पडली. पडायला नको होती. तो म्हणाला, "बाई, हे मेल्यावर वाचून दाखवायचं?"

"मृत्युपत्र तेव्हाच वाचतात."

"मग आता वर जाऊन सांगा की."

"जिना चढवत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले, औषध दुकानदाराकडे पाहिले. दुकानदार चष्मा पुसू लागला. माझ्या हृदयाच्या गोळ्या त्याच्याकडूनच येतात. शिंपी उठून जिन्याच्या तळाशी गेला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वहिनी, जरा खाली या. तुमच्या जाऊबाईंना जिना चढवत नाही." तीन महिने लपवलेली गोष्ट एका दमात संपली.

ती ओल्या हातांनीच आली. मी कागद पुढे केला. तिने उभ्यानेच वाचला.

"रविवारी गोळ्या मोजत होतात?"

"हो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मी रोज मोजायचे. एकीनं मोजल्या असत्या तरी चाललं असतं." मग कागदाचे पान उलटून म्हणाली, "आणि ऑगस्टपासून तुमच्या फेऱ्या बंद आहेत ते मला ठाऊक आहे. तुमचे ते बूट वरपर्यंत वाजतात. म्हटलं, बघू, बाई कबूल कधी करतात."

"कोणाला बोलली नाहीस."

"कार्ड कोणी तपासायचं नाही ना? तुमचाच नियम." ती खुर्चीवर टेकली. "ते वाक्य मी विसरलेले नाही, ताई. विसरले असं कुठे लिहू नका."

म्हणून तसे लिहिलेले नाही.

जाऊबाईंच्या ताब्यात आज दिलेल्या वस्तू:

एक, तळमजल्याच्या किल्ल्या, तीन. मागच्या दाराची कडी उचलून दाखवली. तिने दोनदा लावून पाहिली.

दोन, स्टॉपवॉच. चालू स्थितीत.

तीन, घंटा आणि अकरा पुस्तके. अकरावे सध्या तिसऱ्या वाचकाकडे, म्हणजे शिंप्याकडे, आहे. ते तिने येणे म्हणून मांडले.

चार, रुग्णालयाचा फॉर्म. रिकाम्या रकान्यात तिने नाते लिहिले, 'जाऊ', आणि खाली सही केली. तक्त्यावर होती तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. शाई वाळेपर्यंत फॉर्म स्वतःच धरून बसली. सोमवारी तीच नेऊन देणार आहे. रिक्षाने जा म्हणाले. ती म्हणाली, "पायी."

पाच, बारावे पुस्तक. हे तिने घेतले नाही. शेरा तिच्याच अक्षरात:

'परत केले. क्रम मोडू नये. आधी सहाव्या वाचकाने वाचावे, एकवीस दिवस करावे, खऱ्या सह्या कराव्यात आणि जिना चढून वर आणून द्यावे. वेळ लिहायला मी दारात उभी राहीन.'

(सही) देणारी
(सही) घेणारी, चार वस्तूंपुरती