ताडपत्रीखालची लाकडं

प्रिय धाकट्या,

घरी सगळे बरे आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण माझं पत्र दिसलं की तू उभ्या उभ्या शेवटची ओळ वाचतोस आणि भलताच समज करून घेतोस. या वेळी कृपा करून कुठेतरी बस आणि वरून खाली वाच. तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही, आणि गाडीवाल्याकडे तोंडी निरोप दिला तर तो त्यात पदरचा मीठमसाला घालून काय सांगेल ते त्यालाच ठाऊक. तो उद्या सकाळी वर यायला निघतोय. तू नवी खेप भरायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे, अशी त्याला ताकीद दिली आहे. त्याने मान हलवली, पण तो तर सगळ्यालाच मान हलवतो.

थंडी यंदा लवकर आली. मागच्या पायरीवर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावरचा बर्फ सकाळी फोडावा लागतो. तुझ्या भाचीला शाळेत पाठवताना इतकं गुंडाळते की दारातून आधी ती जाते की तिचे कपडे, कळत नाही. तुझ्या भाऊजींची कंबर पुन्हा धरली आहे. जोडे घालायची वेळ आली की ते इकडेतिकडे बघत बसतात, म्हणजे कोणाला तरी दया येईल. मी पाहून न पाहिल्यासारखं करते आणि मग शेवटी जाऊन नाड्या बांधते. माझ्या औषधाच्या दुकानात या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळपासून खोकल्याच्या बाटल्या देऊन देऊन हात चिकट होतात. मालक खुशीत आहेत. मी मात्र नाही, आणि का नाही तेच सांगायला बसले आहे.

तुझ्या लाकडांविषयी लिहायचं आहे. तू ती लाकडं आणून टाकलीस त्या दिवशी गल्लीत माझी मान किती ताठ होती ते तू पाहिलंस. तुझ्या मधाच्या धंद्यातल्या मधमाश्या पेट्या सोडून उडून गेल्या त्याला बरेच दिवस झाले, पण लोक विसरतात थोडेच? तेव्हा तू स्वतः जंगलात जाऊन, तोडलेल्या झाडांचे ओंडके उचलून, फोडून, वर्षभर वाळवून, गाडीत भरून दारात आणलेस, तेव्हा मला वाटलं की आता सगळ्यांची तोंडं बंद झाली. भाऊजींनी एक ढलपी हातात घेतली, तोलली, पुन्हा तोलली आणि खाली ठेवली. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. पण त्यांना तुझ्यात खोट काढायची सवयच आहे, असं म्हणून मी त्यांच्यावरच डोळे वटारले.

आमच्या धुराड्याच्या शेगडीत ती लाकडं पेटत नाहीत. पेटतात म्हणजे, कागद घाल, काटक्या घाल, गुडघे टेकून फुंकत बस, मग कडेने जरा लाल होतात आणि फुसफुसत राहतात. टोकातून पाणी येतं, उकळतं, आणि वास आंबट येतो. शेगडीच्या दाराची काच पहिल्याच दिवशी काळी झाली. मी पुसली, पुन्हा काळी. भाऊजी म्हणाले, सुक्याबरोबर ओलंही जळतं असं म्हणणाऱ्याला तुझ्या भावाकडे एकदा लाकूड आणायला पाठवलं पाहिजे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण धुराडं साफ करणाऱ्याला मात्र गुपचूप बोलावून घेतलं. त्याने आत ब्रश घातला तर तो अडकला. बाहेर आलं ते काजळीसारखं भुरभुरीत नव्हतं, डांबरासारखं चकचकीत होतं, आणि ते धुराड्याच्या आतून सगळीकडे चढलेलं. हे एकदा पेटलं तर छपरासकट जाईल, एवढं बोलून तो पायरीवर बसून हात पुसत राहिला. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. आमच्याकडे विजेचा हीटर तरी आहे, तो एका खोलीत लावून आम्ही तिघं तिथेच कोंबड्यांसारखे गोळा होऊन राहतो. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांचं काय, हा विचार मनातून जात नाही.

तू मुद्दाम कोणाला फसवशील असं माझ्या स्वप्नातही येणार नाही. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात सरपण संपलं होतं ते मला आठवतं, आणि तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. आपण फडताळाच्या फळ्या जाळल्या, मग बाक जाळला. तू पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, कान लाल झालेले, शेगडीसमोर बसायचास, आणि आई जागी व्हायच्या आत खोली गरम झालेली असायची. ती म्हणायची, हा पोरगा आहे म्हणून मला पांघरुणातून हात बाहेर काढता येतो. तू हा धंदा धरलास तेव्हा मला म्हणालास की ताई, आपल्या गावात कोणाला बाक जाळावा लागू नये. मी हसले, पण आत जाऊन डोळे पुसले. एवढं मन लावून केलेलं काम वाईट कसं निघेल, याचं मला कोडंच पडलं होतं.

ते कोडं रविवारी सुटलं. आमच्या परसात तू जी मोठी रास रचून गेलास, तिच्यातलं तरी सुकं असेल का ते बघायला मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. काय गाठी मारल्यास रे, दातांनी सोडवाव्या लागल्या. तू ताडपत्री वरून तर घातलीसच, पण चारही बाजूंनी खाली आणून रासेच्या पोटाखाली खोचलीस, वर दगड ठेवलेस, फट म्हणून ठेवली नाहीस. पावसाचा एक थेंबही आत जाऊ नये म्हणून. पावसाचा थेंब नाहीच गेला. पण लाकडाच्या आतलं पाणी बाहेर कुठून जाणार होतं? ताडपत्री उचलली तर तिच्या आतल्या बाजूला थेंब लटकत होते. खालच्या ढलप्यांवर पांढरी बुरशी, टोकांना कुत्र्याच्या छत्र्या. मी एक ढलपी फोडून आतली बाजू गालाला लावली, थंडगार ओली. म्हणजे तोडल्या दिवशी जशी होती तशीच. वर डोंगरावरही तू सगळ्या राशी अशाच बांधल्या असणार, वर्षभर, अगदी मनापासून. वर्ष झालं म्हणजे लाकूड वाळलं, असं तू धरून चाललास. फक्त डोक्यावर झाकायचं होतं रे, अंग उघडं ठेवायचं होतं. मी तिथेच ओल्या गवतावर बसून राहिले. तू लबाड निघाला असतास तर मला चीड तरी आली असती. तुझा कळवळाच नडला हे पाहून काय करावं ते कळेना.

तरीही मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तू खाली आलास की एकट्यात सांगू, हळूच सांगू, तू सगळं सुधारशील, कोणाला कळायचंही नाही, असा माझा बेत होता. पण सोमवारी दुकानात उभी राहिले आणि गिऱ्हाइकांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खोकल्याची बाटली न्यायला पाववाला आला, त्याच्याकडे तुझी लाकडं. डोळ्यांची आग होते म्हणून थेंब न्यायला निवृत्त मास्तर आले, त्यांच्याकडे तुझी लाकडं. वरच्या आळीतल्या सुनेने बाळाची छाती घरघरते म्हणून औषध विचारलं, आणि तिच्या सासऱ्याने खेप घेतली होती ती माझ्याच सांगण्यावरून. हिवाळ्यात कोण खोकत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात शिवणआजी आल्या. भाचीचे झगे शिवून देतात त्याच, एकट्या राहतात त्या. त्यांना पुन्हा डोकेदुखीच्या गोळ्या हव्या होत्या. रोज सकाळी डोकं जड असतं, दुपारी बाजारात फिरलं की उतरतं, बहुतेक चष्म्याचा नंबर बदलला, असं त्या म्हणाल्या. आणि तुझं कौतुक करत बसल्या. तुझ्या भावाची लाकडं काय पुरतात गं, म्हणाल्या, एक घातलं की रात्रभर धुमसत राहतं, मी धुराड्याची झडप लावून घेते, दाराखाली चिंध्या कोंबते, ऊब अजिबात बाहेर जात नाही. मी गोळ्यांची पट्टी कापून त्यांच्या हातात दिली. एवढं सगळं ऐकून दिली, धाकट्या. त्यांनी सुटे पैसे दिले आणि त्या गेल्या. संध्याकाळी आवराआवर करताना, घराबाहेर पडलं की उतरणारं दुखणं चष्म्याचं नसतं, धुमसत्या शेगडीच्या कोंडलेल्या विषारी वायूचं असतं, हे एकदम माझ्या डोक्यात आलं, आणि मी दुकान मालकांवर टाकून धावत सुटले.

त्या घरीच होत्या. शेगडी नुकतीच लावली होती, बऱ्या होत्या, मलाच पाणी दिलं. मी झडप उघडली, दाराखालच्या चिंध्या काढल्या, खिडकी उघडली, आणि माझ्याबरोबर चला म्हणून हात धरून ओढू लागले. त्या हसल्या. हातातला फ्रॉक उद्या द्यायचा आहे, बटणं लावायची आहेत, म्हणाल्या. ही विझू द्या, आज रात्री पुन्हा शेगडी लावू नका, असं वचन घेऊन मी निघाले. त्यांनी वचन दिलं ते मला वाटेला लावायला. काल सकाळी मी गेले तर दार उघडेना. हाका मारल्या, शेजाऱ्याला बोलावलं, खांद्याने कडी तोडली. त्या पलंग आणि दाराच्या मधे पडल्या होत्या. दाराकडेच येत असाव्यात. चिंध्या पुन्हा दाराखाली होत्या, शेगडीत तुझं लाकूड धुमसत होतं. आम्ही त्यांना उचलून बाहेर थंडीत आणलं, तेव्हा त्यांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर त्या वाचल्या नसत्या. आता त्या आमच्या आतल्या खोलीत निजल्या आहेत. भाची त्यांच्याजवळ बसून सुईत दोरा ओवते आहे. सांभाळून असा, आणि पोराला काही बोलू नका, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. पोरगा म्हणजे तू.

पण मी बोलले. तुला नाही, सगळ्यांना. काल दुपारी कामावर गेले नाही. तुझी लाकडं जिथे जिथे उतरली त्या प्रत्येक दारात गेले आणि सांगितलं की माझ्या भावाची लाकडं ओली आहेत, जाळू नका, धुराडं साफ करून घ्या, खिडकी उघडी ठेवा. असतील, वाटतात, असं काही म्हटलं नाही. ओली आहेत म्हटलं. मास्तरांनी दार तोंडावर लावलं. वरच्या आळीतल्या सासऱ्याने मधमाश्यांचा विषय काढलाच. पाववाला म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण पोरगा एवढ्या आनंदाने उतरवत होता की बोलवेना. त्याचं ऐकून मला जास्त रडू आलं. आणि मग मी बालवाडीत गेले. तुझी सगळ्यात मोठी खेप, जिच्यासाठी तू आत्ता वर लाकडं काढून ठेवतो आहेस, जिची बातमी वर जायच्या आधी सांगताना तुझा आवाज फोनवर लहान मुलासारखा झाला होता, ती मी बाईंना सांगून रद्द केली. मुलं दुपारी शेगडीच्या खोलीत दारं बंद करून झोपतात, धाकट्या. आता भाऊजी म्हणतात की तू माझं तोंड पाहणार नाहीस. नको पाहूस. कोणाचं काय ऐकायच्या आधी तुला हे माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. वरच्या सगळ्या राशींच्या ताडपत्र्या आजच बाजूंनी वर कर, आणि गाडी रिकामी घेऊन खाली ये. घरोघरची लाकडं परत उचलायची आहेत, मी बरोबर येईन, भाऊजीही येणार म्हणतात, कंबर धरून. तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तर मी ते कसंही सोसेन. पण आपल्या गावात एखादं दार सकाळी उघडलंच नसतं, आणि आत तुझं लाकूड धुमसत असतं, तर ते तुला सोसलं नसतं. मी तुला लहानपणापासून ओळखते.

आजही, आणि तू नको म्हणालास तरी,
तुझीच
ताई