सिमेंट की माती

यॉंगजू, ३ ऑक्टोबर १९७४
चि. ब्योंगथे यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,
आईच्या खोलीची जमीन फुटली आहे. चुलीचा धूर लाद्यांखालून जाऊन खोली तापवायचा, तो आता फटींतून वर येतो. कोळशाच्या वडीचा तो वायू जीवघेणा. प्यो मिस्त्रींनी लाद्या नव्याने बसवून द्यायचं कबूल केलंय. प्रश्न आहे वर काय लिंपायचं. आई म्हणते, मातीच. सिमेंट पुलाला शोभतं. मिस्त्री म्हणतात, मातीवर पहिल्या दिवसापासून मंद जाळ चालतो, तडा गेला तर मूठभर लिंपलं की झालं. सिमेंट मजबूत, पण चार आठवडे चूल पेटवायची नाही. खाणीत तुझ्या डोक्याचा कोळसा झाला नसेल तर लवकर कळव.
तुझी ताई, ओकबुन

जर्मनी, १३ ऑक्टोबर
ती. ताईस शि. सा. न.,
सिमेंटच घाल. चिखल सारवायचे दिवस गेले. तोवर आईला तुझ्याकडे ने. भाऊजींच्या घोरण्याची तिलाही चव कळू दे! नऊ नोव्हेंबरला तिची एकसष्टी, मी येतोय. तिलाही वेगळं पत्र टाकलंय.
लोभात ठेव.
ब्योंगथे

जर्मनी, २५ ऑक्टोबर
ती. ताईस शि. सा. न.,
रजा नाकारली. आईला एवढ्यात सांगू नकोस, खट्टू होईल. मी सावकाश लिहीन. मला फार वाईट वाटतंय.
ब्योंगथे

यॉंगजू, १४ नोव्हेंबर
चि. ब्योंगथे यास आशीर्वाद.
तार मिळाली असेल. आता सगळं लिहिते.
तुझं पत्र पाच तारखेला आलं. मी आईला काही बोलले नाही. आठ तारखेला ती झाडलोट करते म्हणून माझ्याकडून तिच्या घरी गेली आणि रात्री तिथेच राहिली. सिमेंट घालून जेमतेम बारा दिवस झाले होते. मी तिला दहादा बजावलं होतं, पण पोरगा दोन वर्षांनी येणार आणि गार जमिनीवर टेकणार, हे तिला सोसवेना. तिने चूल पेटवली. ओलं सिमेंट तडकलं आणि रात्रभर तो वायू खोलीत भरत गेला.
सकाळी मी एकसष्टीचं शेवयांचं सूप घेऊन गेले. आई दाराकडच्या गार कडेला निजलेली होती. चुलीजवळची उबेची जागा, जिथे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच बसायचं, ती तिने तुझ्यासाठी रिकामी ठेवली होती. तिथे दुलईत गुंडाळलेलं झाकणाचं भांडं होतं. आत भात होता, अजून कोमट.
सिमेंट तू म्हणालास, होकार मी दिला. त्याचं मला एवढं नाही. पण तू येत नाहीस हे तीन दिवस माझ्या ओठांवर होतं रे, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसले.
माझ्यावर माया उरली असेल तर दोन ओळी लिही.
ओकबुन